शिकवतात दिलखुलास, फक्त प्रदर्शनाची तारीख विचारू नका

आपल्या संभाजीनगरात (आमच्या आत्यासाठी अजून औरंगाबादच) विणकर, बिदरीवाले (काळ्या धातूच्या भांड्यांवर चांदीची नक्षी करणारे), चित्रकार अशा दहाबारा जणांचा एक ग्रुप आहे, रविवारी वर्कशॉप घेतात, 600 रुपये, चहा त्यातच. आत्याला सोबत घेऊन गेले कारण नेलं नसतं तर पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं असतं.

पैठणीवाल्या ताईंनी पदर हातात घेतला आणि सरळ उलटाच केला. म्हणल्या, पुढून सगळ्याच छान दिसतात, मागून बघा. मागं पण तस्साच मोर, एक धागा लोंबत नाही! कारण मोरातला प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीवर (छोट्या रिळावर) असतो, तो आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागं फिरतो, साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातच नाही. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालतात. मला मागावर बसवलं, पाऊण तासात नखाएवढी पाकळी झाली आणि ती पण वाकडी, तेव्हा कळलं की भरगच्च पदराला महिने कामून लागतात.

मी लगेच शहाणपणा करून तिथल्या हिमरूच्या शालीला नाव ठेवलं, मागं सगळे धागे मोकळे आहेत म्हणून. विणकर चाचा हसले. हिमरूची जातच तशी म्हणे, ताणा (उभे धागे) सुती, नक्षीचं रेशीम लागेल तिथंच वर येतं आणि बाकी मागं मोकळं राहतं, म्हणून तर शाल एवढी मऊ लागते. म्हणजे पैठणीचा नियम हिमरूला लावायचा नाही, हे लक्षात ठेवा.

आता आत्याची गंमत. त्यांनी पिशवीत स्वतःची पैठणी आणली होती, दाखवायला. ताईंनी उलटी केली तर मोराच्या मागं कापलेल्या धाग्यांचं नुसतं रान. मशीनची. ताई काही बोलल्या नाहीत, पण आत्याला कळलं. "मेल्यानं हातमागाची म्हणून 15 हजार घेतले की गं माझ्याकडून!" दुकानाचं नाव लिहीत नाही, पण चहा आत्यानी गारच केला.

बिदरीचं थोडक्यात सांगते कारण तोवर माझी पाठ गेली होती (सतरंजीवर बसवतात, गुडघे दुखत असतील तर आधीच खुर्ची मागा). जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे नक्षी कोरताना रेघ दिसते, मग त्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं पाणी, त्यात भांडं गेलं की धातू काळा कुळकुळीत आणि चांदी मात्र तशीच पांढरी. अंगावर काटा आला बघताना. माती चांगली का नाही ते जिभेवर ठेवून ठरवतात, हे ऐकून आत्यानी माझ्याकडं असं पाहिलं की बस.

एवढं सगळं, काहीही हातचं न राखता शिकवतात. विचारलं ते सांगतात, फोटो काढू देतात, चुकलेलं उसवून परत करून घेतात. आणि या ग्रुपच्या कामाचं प्रदर्शन? त्याचा मेसेज मला शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला आला, धावतपळत पोचले तर पोरं चित्रं कागदात गुंडाळत होती, मला दोन कॅनव्हास आणि एक बिदरी सुरई दिसली. पत्ता पण "नेहमीच्या हॉलवर" एवढाच. अहो, नव्या माणसाला काय माहीत तुमचा नेहमीचा हॉल कोणता?

वर्कशॉपला 5 पैकी 5, प्रदर्शनाच्या निरोपाला 1, तो पण सुरईसाठी. पुढचं कधी विचारलं तर "थंडीत बघू" म्हणाले. आत्यानी तिथल्याच एका मावशीचा नंबर घेऊन ठेवलाय, दर रविवारी फोन करतात, निमित्त प्रदर्शनाचं असतं पण बोलणं सगळं त्या 15 हजारांवर.