जैविक वयाची तपासणी : ५ पैकी २ तारे

एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात आले आणि मेव्हण्याच्या नादाला लागून ‘तुमचं शरीर खरोखर किती वर्षांचं’ ही तपासणी करून घेतली. साडेतेरा हजार!

रक्त न्यायला आलेला पोरगा मात्र एक नंबर. सकाळी सातला मंगळवार पेठेत हजर, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. दोन्ही तारे त्याचे.

रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला. २२ पानं, सगळं इंग्रजी. पहिल्याच पानावर ठळक आकडे: खरं वय ५९, जैविक वय ५६. बायकोला दाखवला तर म्हणाली, “मग तेवढा माळा झाडून घ्या.”

पुतणी शिवाजी विद्यापीठात बायोटेक करते. ती म्हणाली, “काका, वय वाढतं तसे डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके बसतात, काही जागचे उडतात. स्टीव्ह हॉर्वाथ या शास्त्रज्ञांनी २०१३ साली अशा ३५३ जागांवरून वय काढायची रीत बसवली, तिलाच घड्याळ म्हणतात.” हे मला पटलं. मीटर मागं फिरवलेली गाडी आम्हीपण लायनरची झीज बघून ओळखायचो. पण त्या मूळ घड्याळातच साधारण ३.६ वर्षांची चूक निघते, असं तिनं पुढं सांगितलं. मग माझी कमी झालेली तीन वर्षं कशात धरायची? यांनी कुठलं घड्याळ वापरलं, त्यात चूक किती, यावर २२ पानांत एक ओळ नाही.

आणि ‘खरं वय’ तरी कुठं खरं? फॉर्मवर आधारची तारीख टाकली, १ जून १९६६. आमच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनचीच. मास्तरांनी एका दिवसात सगळी बाळंतपणं उरकली. आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे मी चार महिन्यांचा होतो, पाळणा आपोआप हलला. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. म्हणजे मी श्रावणातला, आज ५८ वर्षांचा. त्या १ जूनपायी नोकरी सव्वा वर्ष आधीच सुटली, आता तीनातलंही एक वर्ष गेलं.

रिपोर्टनंतर फोन सुरू झाले. महिन्याला चार हजारांच्या गोळ्या घ्या म्हणे. फोनवरची बाई सांगत होती, १९९३ साली सिंथिया केनयन या शास्त्रज्ञ बाईंनी एका जंताचा एकच जनुक बदललेला पाहिला, तो दुप्पट जगला. पुतणीला विचारलं, गोष्ट खरी आहे. पण तो जंत एरवी जगतो दोन-तीन आठवडे, आणि त्याला कुणी गोळ्या चारल्या नव्हत्या.

जन्मतारीख दुरुस्त करून रिपोर्ट परत द्या म्हणून मेल टाकली. उत्तर आलं, पुरावा जोडा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. भूकंप जोडू काय?