कुलूपबंद कपाट की ऑफिसचा शेअर्ड फोल्डर?

लैंगिक छळाच्या तक्रारीची कागदपत्रं अंतर्गत समितीने, म्हणजे ऑफिसात अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीने, ठेवायची कुठे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ स्पष्ट आहे. तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख, चौकशीचा तपशील, शिफारशी यातलं काहीही जाहीर करता येत नाही, अगदी माहिती अधिकारातही.

कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते ठाऊक असतं, पण गुपचूप काढलेल्या झेरॉक्सचा मागमूस राहत नाही. फोल्डर कुणी कधी उघडला याची नोंद ठेवता येते. मात्र तिथे आयटीवाल्यांनाही वाट मोकळी असू शकते, आणि जबाबाची ईमेल एकदा फॉरवर्ड झाली की परत आणणार कशी? गोपनीयता मोडणाऱ्याला नियमांनुसार दंड ५,००० रुपये. जिचं नाव फुटलं तिच्यासाठी हा दंड फारच तोकडा आहे. मी कपाटच निवडेन, दोन किल्ल्यांचं.