मुदतीची नेमणूक की ठेकेदाराची माणसे? बेळगावच्या लहान कारखानदारासाठी

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. उद्यमबाग किंवा मच्छे येथे फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्या मालकापुढचा जुनाच प्रश्न त्यामुळे नव्या हिशेबाने मांडावा लागतो : ऑर्डर वाढली की माणसे ठेकेदाराकडून घ्यावीत, की स्वतःच ठरावीक मुदतीसाठी नेमावीत? सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला शेड असणाऱ्यांनाही मूळ संहिता हीच आहे. नियम तेवढे त्या त्या राज्याचे.

वरवर पाहता ठेकेदाराचा मार्ग सोपा झाला आहे. ठेका कामगारांच्या तरतुदी पूर्वी 20 कामगारांपासून लागू होत, आता त्या 50 पासून लागू होतात. त्यामुळे तीस माणसे ठेक्यावर असणारा कारखाना ठेका कामगारांच्या वेगळ्या नोंदणीच्या कटकटीतून सुटतो. मात्र ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी वेतन संहितेनुसार कारखान्याच्या मालकावर येते, आणि तिथे पन्नासचा आकडा आड येत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात ऐन गणेश चतुर्थीच्या आठवड्यात ठेकेदाराने फोन बंद केला. खानापूरकडची अठरा माणसे सकाळी गेटवर उभी होती, हजेरीचे मस्टर ठेकेदाराकडे होते आणि कोणाचे किती दिवस भरले हे मालकाला सांगता येत नव्हते. पैसे त्यालाच द्यावे लागले, आणि ते योग्यच होते.

ठेका कामगारांची संख्या पन्नास झाली की मुख्य कामात ठेका कामगार लावण्यास मनाई आहे. मोल्डिंग आणि ओतकाम हे फाउंड्रीचे मुख्य कामच. राखण, कँटीन, साफसफाई, मालाची चढउतार ही कामे मात्र सहसा त्यात धरली जात नाहीत. अचानक वाढलेल्या कामासाठी सवलत आहे, पण वर्षभर चालणाऱ्या कामाला ‘अचानक’ म्हणता येणार नाही.

मुदतीच्या नेमणुकीत कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि सोयी द्याव्या लागतात, आणि एक वर्ष पूर्ण झाले की ग्रॅच्युइटीही. इथे वेतनाची नवी व्याख्या नीट समजून घ्यावी. एखाद्या सीएनसी सेटरला (संगणकनियंत्रित मशीन जुळवणाऱ्याला) 40,000 रुपये मिळत असतील, त्यांत मूळ पगार व महागाई भत्ता 16,000 आणि बाकीचे वगळण्याजोगे भत्ते 24,000 असतील, तर एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे 20,000 पेक्षा, जास्त असलेले 4,000 रुपयांचे भत्ते वेतनात धरले जातात. ग्रॅच्युइटी मग 16,000 वर नव्हे, 20,000 वर काढायची : महिन्याच्या वेतनाला सव्वीसने भागून पंधराने गुणायचे, म्हणजे वर्षाला सुमारे 11,538 रुपये. याच्या बदल्यात मुदत संपल्यावर होणारी मुक्ती ही कामगारकपात ठरत नाही, म्हणून कपातीची भरपाई द्यावी लागत नाही.

नियुक्तिपत्र आता सक्तीचे आहे. ते कामगाराला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, द्यावे असे मी आग्रहाने सांगेन. मधेच कोणी काम सोडले तर त्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो, तेव्हा महिनाअखेरीची वाट पाहण्याची सवय मोडावी लागेल.

माझे मत स्पष्ट आहे : भट्टी आणि मशीनवरची माणसे मुदतीवर आपल्याच मस्टरवर घ्यावीत आणि राखण-चढउतार ठेकेदाराकडे द्यावी. ठेका दिला तरी हजेरीची एक प्रत रोज आपल्याकडे ठेवावी, आणि पीएफ-ईएसआयचे चलन व पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा हाती आल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये.