पहिली जुनी चांदी कोणती घ्यावी: लंडनचा चमचा की कच्छी डबी?

आत्ता टेबलावर दोन वस्तू आहेत. एक वाढायचा मोठा चमचा, लंडनचा, १७८७ सालचा. दुसरी मुठीत मावेल एवढी गोल डबी, कच्छी कामाची, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांतली. वजन दोन्हींचं सारखंच, पाच तोळ्यांच्या आसपास. सराफाकडे नेल्या तर तो दोन्ही काट्यावर टाकून एकच प्रश्न विचारेल, "मोडीत घालायच्यात का?"

जुनी चांदी जमवायचं मनात आहे, सुरुवात कशाने करू, असं विचारणाऱ्याला मी ह्याच दोन वस्तू दाखवतो. मोराच्या अत्तरदाण्या, संस्थानी हुक्के हे सगळं नंतर. बहुतेकांचा पहिला पैसा ह्या दोहोंपैकी एका वाटेला जातो, आणि दोन्ही वाटांवर ठेचा लागायच्या जागा वेगळ्या आहेत.

चमचा आधी उलटा करा. दांड्याच्या मागे, टोकाकडे, पाच बारीक ठसे ओळीने आहेत. सोनाराचं भिंग लावलं की वाचता येतात. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी; हा ठसा १५४४ पासूनचा. मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनारांच्या संघाच्या वास्तूत, तपासणी झाली. 'हॉलमार्क' हा शब्दच त्या हॉलवरून आलेला. त्याच्या शेजारी एक छोटा 'एम', हे वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये १४७८ पासून दरवर्षी अक्षर बदलत गेलं; त्या काळी वीस अक्षरांचं एक चक्र संपलं की अक्षराचं वळण किंवा ढालीचा आकार बदलून पुन्हा 'ए' पासून सुरुवात व्हायची. १७७६ ला छोट्या 'ए' ने सुरू झालेल्या चक्रात 'जे' गाळलेला आहे, म्हणून 'एम' म्हणजे १७८७. चौथा ठसा राजाच्या डोक्याचा, तिसऱ्या जॉर्जचा: कर भरल्याची पावती. तो १७८४ मध्ये आला आणि १८९० मध्ये कर उठला तेव्हा गेला. त्यातही गंमत अशी, की पहिली दीड-दोन वर्षं हे डोकं खोलगट उमटलेलं आणि डावीकडे बघणारं आहे, पुढे ते उठावदार होऊन उजवीकडे वळलं. म्हणजे नुसतं राजाचं नाक कुठल्या दिशेला आहे एवढं पाहिलं तरी वस्तू अंदाजे कुठे बसते ते कळतं. लंडनच्या चमच्यांवर १७८० च्या सुमारापर्यंत हे ठसे दांड्याच्या खालच्या बाजूला, वाटीजवळ मारायचे. नंतर ते वर सरकले. खाली ठसे आणि शेजारी राजाचं डोकं असं दिसलं तर जरा थांबून विचार करायचा.

पाचवा ठसा तिरक्या लपेटीदार अक्षरांत 'एच बी'. हेस्टर बेटमन. नवरा जॉन साखळ्या करणारा कारागीर होता. १७६० मध्ये तो गेला आणि हत्यारं बायकोच्या नावे ठेवून गेला. पन्नाशी ओलांडलेल्या हेस्टरने १७६१ मध्ये गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि मुलांना बरोबर घेऊन १७९० पर्यंत कारखाना चालवला. तिचं मोठं शहाणपण हे, की तिने पातळ पत्र्याची, यंत्राने लाटलेली चांदी वापरून मध्यमवर्गाला परवडेल असा माल काढला. माझा चमचा त्यातलाच. कडेला उजळ कापाची बारीक नक्षी आहे, दिवा फिरवला की ती चमकते, बाकी साधा. ह्याच लंडनमध्ये तिच्याआधी फ्रान्सहून आलेल्या ह्यूगनॉट (प्रॉटेस्टंट निर्वासित) घराण्यातला पॉल द लामेरी आणि तिच्यानंतर पॉल स्टॉर हे नामांकित कारागीर होऊन गेले. त्यांची नावं लिलावाच्या बातम्यांत वाचायची, आपल्या खिशाचा तो विषय नाही.

आता डबी. उलटी करा, काही नाही. आत बघा, काही नाही. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात चांदी तपासून ठसा मारायची सरकारी पद्धत नव्हतीच. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर यांच्यासारख्या बड्या दुकानांनी आपापले ठसे मारले. त्यातले काही मुद्दाम इंग्रजी हॉलमार्कच्या वळणाचे, म्हणजे हत्ती, एखादं अक्षर, एखादं चिन्ह, ओळीने मांडलेलं. नवख्याला वाटतं, वर्षाचं अक्षर सापडलं! ते तसं वाचायला जाऊ नये.

कच्छमध्ये जे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते ओमरसी मावजीचं. भूजचा कारागीर, कच्छच्या महारावांच्या पदरी; कामाचा काळ १८६० च्या सुमारापासून पुढे. त्याच्या कारखान्याचा ठसा इंग्रजी 'ओ. एम.', काही वस्तूंवर खाली 'भूज'. त्याच्या किटल्यांना हत्तीच्या सोंडेचे किंवा नागाचे कान असतात आणि अंगभर वेलींची दाटी. ही चांदी स्टर्लिंगपेक्षा चोख, हजारात साडेनऊशेच्या वर असते. चोख म्हणजे मऊ, म्हणून तर एवढा खोल उठाव निघतो. इंग्रजी चांदीतलं साडेसात टक्के तांबं तिला कडक करतं. ती काटे-चमच्यांना बरी, पण कच्छी कारागिराच्या छिन्नीखाली ती लवकर अडून बसेल.

माझ्या डबीवर भिंगातून एक हरीण दिसतं. मान मागे वळवलेली, कारण मागच्या पानाआडून एक चित्ता की वाघ निघतोय. पानांच्या शिरा कोरलेल्या आहेत, आणि सगळी पार्श्वभूमी सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी भरलेली, म्हणजे उठाव उजळ दिसतो आणि खोल भाग गडद. भांड्यात राळ भरून बाहेरून आणि आतून बोथट छिन्न्या ठोकत हे काम होतं. म्हणून झाकण उघडून आत बोट फिरवायचं. हरणाच्या जागी आत खळगा लागला तर ठोकीव काम. आत सपाट गुळगुळीत आणि वस्तू हाताला उगीच जड, तर साच्यातून ओतलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी. डबीवर ओमरसी मावजीचा ठसा नाही, आणि मी ती त्याची म्हणून घेतलेली नाही. "हा मावजीचाच माल साहेब, ठसा झिजलाय" असं ऐकलं की मी बिनठशाच्या भावाने मागतो. दोन अक्षरांचा ठसा आज कुणीही करून मारू शकतो, त्यामुळे ठसा असला तरी आधी काम बघावं.

इंग्लंडात खोट्या ठशाला अठराव्या शतकात काही काळ फाशीची शिक्षा होती. तरी खोटेपणा झालाच, आणि इथे माझीच फजिती सांगतो. मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात (नाव राहू दे) एक इंग्रजी जार मिळाला. बुडाला स्पष्ट, टवटवीत ठसे. घरी आल्यावर एका जाणत्या काकांनी तो तोंडाजवळ धरला आणि आरशावर सोडतो तशी बुडावर वाफ सोडली. क्षणभर ठशांभोवती एक पुसट गोल रेघ दिसली आणि उडाली. झाळलेला जोड होता. कुठल्यातरी छोट्या वस्तूचे ठसे कापून ह्या बुडात बसवले होते. ही युक्ती जुनी आहे. १७२० मध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर लागला तेव्हा तो चुकवायला लंडनचे नामांकित कारागीरही हेच करत, द लामेरीसुद्धा. माझ्या जारला मात्र तेवढा मान नव्हता, तो बराच अलीकडचा. तेव्हापासून मी दुकानात वाफ सोडतो, दुकानदार हसले तरी.

ठशांच्या वाटेवरचा दुसरा खड्डा म्हणजे ई पी एन एस, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. चार अक्षरं, चार वेगवेगळ्या ढालींत, जुन्या वळणाची, लांबून हॉलमार्कच. आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त, निकेल, आणि वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० मध्ये ह्याचं पेटंट घेतलं. कडेला तांबूस दिसलं तर त्याही आधीचं, १७४० च्या दशकात सुरू झालेलं शेफिल्ड प्लेट, म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा जोडलेलं, असू शकतं; ते जमवणारे वेगळे, पण चांदीच्या भावाने घेऊ नका. सराफाच्या मशीनवर टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, काढून घेतला की हा प्रश्न मिटतो, पण मशीन वय सांगत नाही.

म्हणजे फरक एवढ्यावर येतो: चमच्याचं तुम्ही वाचू शकता, डबीचं बघावं लागतं. वाचणं महिनाभरात येतं. बघायला वर्षं जातात, आणि त्यासाठी भरपूर चांगला माल डोळ्यांखालून गेला पाहिजे. एका बाबतीत मात्र दोघी बहिणी. 'एच बी' असो की 'ओ. एम.', ठसा मालकाचा असतो. हातोडी कुणाच्या हातात होती हे दोन्हीकडे कुठे लिहिलेलं नाही.

पैशांचं बोलू. इंग्रजी चमचे प्रचंड संख्येने टिकलेत, त्यामुळे साधा जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातला, चमचा चांदीच्या भावापेक्षा थोडाच वर मिळतो. बेटमनचं नाव असेल तर आणखी चढतो. कच्छी कामात घडणावळीचीच किंमत असते, वजनाचा संबंध कमी. इथे किलोचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून एक वाईट गोष्ट चालली आहे: साधे, चेपलेले, बिनठशाचे देशी डागिने सरळ आटणीत जातात. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेत हंट बंधूंच्या खरेदीने भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला तेव्हा पाश्चात्त्य देशांतही जुनी भांडी अशीच भट्टीत गेली. वितळल्यावर जॉर्जियन काय आणि कच्छी काय.

कायदा मात्र बहुतेक लोक वस्तू घेतल्यावर वाचतात. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, लागू १९७६ पासून. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तेव्हा पुण्यात घेतलेली कच्छी डबी लेकीला न्यू जर्सीला पाठवू, हे डोक्यातून काढा. वस्तू शंभरीच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर विमानतळावर अडकते. इंग्रजी चमचाही इथे आला आणि शंभरीपारचा असेल तर त्यालाही हाच नियम. तुम्ही लंडनला किंवा लेस्टरला राहत असाल तर गणित उलटं होतं. साहेब लोक परत जाताना राजवटीतली चांदी घेऊन गेले, ती तिथल्या लिलावांत निघत राहते, आणि तिथून ती पुढे विकायला बाजारही मोठा आहे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, त्याला मिळालेल्या भेटी नंतर इंग्लंडात प्रदर्शनात मांडल्या गेल्या, तेव्हापासून ह्या मालाचं वेड तिथे आहे. त्या भेटींवर लिहिणारा जॉर्ज बर्डवूड जन्माने बेळगावचा, आणि मुंबईत राणीच्या बागेतल्या म्युझियमच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा.

पुण्याचंही नाव ह्या यादीत आहे. हीरप्पा बुचेना अशी सही इंग्रजीत कोरलेल्या, देवदेवतांच्या उठावाच्या वस्तू 'पूना' म्हणून लिलावात येतात. पुण्यात राहून पुण्याची चांदी लंडनच्या कॅटलॉगात बघायची, हे चालायचंच.

मग काय घ्यावं? कागदोपत्री पक्कं असलं की झोप लागते अशी माणसं असतात. त्यांनी चमचा घ्यावा, आणि शक्यतो बेटमनचाच नको, आधी अनोळखी कारागिराचा स्वस्तातला. पाचही ठसे स्वच्छ हवेत, वाटीचं टोक झिजून तिरकं झालेलं नको. देशात राहता, पुढे विकायचं फारसं मनात नाही, आणि हातात घेऊन तासभर बघायला आवडतं, तर डबी. पण वर्षभर काही न घेता नुसतं बघा, मुंबईच्या संग्रहालयांत आणि परवानाधारक दुकानांत. दोन्ही हवं असेल तर चमचा आधी. मी उलटं केलं, म्हणून जारात फसलो.

निगा वेगळी लागते, ती मात्र आजच ठरवा. डबीवर रांगोळी, चिंच, दात घासायची पावडर काही चालणार नाही. आजी देवाची भांडी रांगोळीने घासायची आणि लखलखीत करायची, पण तसं दोन दिवाळ्या केलं तर हरणाचे डोळे जातील. मऊ कापडाने वरवर पुसायचं, खाचेतला काळेपणा राहू द्यायचा, त्यानेच उठाव दिसतो. चमच्याला एवढे लाड नाहीत. आमच्याकडे तो पाडव्याला श्रीखंड वाढायला निघतो. लोणच्यात आणि अंड्यात मात्र घालू देत नाही, मीठ चांदी खातं आणि अंड्याने ती काळी पडते. आणि धुतला की लगेच पुसायचा, ठशांच्या खाचेत श्रीखंड वाळलं की दातकोरणीने काढावं लागतं.