निरोपाच्या बैठकीचे चित्रण: संसद टीव्हीच्या सेवेविषयी

सतराव्या लोकसभेची १० फेब्रुवारी २०२४ रोजी झालेली अखेरची बैठक संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीवर विनामूल्य पाहता येते, आणि मुदत संपताना संसदीय राजकारणी एकमेकांचे आभार कसे मानतात याचा अभ्यास करणाऱ्यास याहून चांगले साधन क्वचितच मिळेल. त्या दिवशी राममंदिरावरील चर्चाही झाली असल्याने निरोपाच्या भाषणांपर्यंत पोहोचण्यास संयम हवा. चित्रणाच्या लांबीला घाबरणाऱ्यांनी थेट पंतप्रधानांच्या भाषणापासून सुरुवात करावी. कोविडकाळात खासदारांनी वेतनात ३० टक्के कपात स्वीकारली, याचा त्यांनी केलेला कृतज्ञ उल्लेख मला नेहमीच्या स्तुतीपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटला. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी समारोपात कामकाजाचा आढावा घेतला. मात्र ज्या लोकसभेला पाचही वर्षे उपाध्यक्ष नव्हता आणि जिच्या शंभर सदस्यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निलंबन झाले होते, तिच्या निरोपातील हा सौहार्दाचा सूर थोडा सावधपणेच ऐकावा लागतो.

सचिवालयातील अधिकारी, वृत्तलेखक आणि अन्य कर्मचारी यांचे आभार मानण्याची प्रथा असली, तरी सभागृहातील चित्रणात कॅमेरा प्रामुख्याने वक्ता आणि अध्यक्षांवरच राहतो, त्यामुळे ज्यांचे आभार मानले जातात ते प्रेक्षकाला फारसे दिसतच नाहीत. भाषणे काळजीपूर्वक तपासायची असतील तर लोकसभेच्या संकेतस्थळावरील शब्दशः वृत्तान्त सोबत ठेवावा; हे वृत्तान्तही त्याच न दिसणाऱ्या वृत्तलेखकांचे काम आहे.