दोन दांडे, एकाचंच पॉलिश मूळचं

गेल्या महिन्यात बेल्जियममधल्या जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात एका टेबलावरून जर्मन हातबॉम्बचे दोन लाकडी दांडे घेतले. नुसते दांडे. वरचा दारूचा डबा नाही, आत ठिणगी पाडणारा भाग नाही, हे तिथेच टॉर्च मारून बघितलं. दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच मजकूर होता : ‘मूळ फिनिश’, म्हणजे लाकडावरचं पॉलिश मूळचंच. एक 60 युरोला, दुसरा 85ला. आणि महागातला नेमका खोटा निघाला.

हे दांडे 1924च्या नमुन्याचे. अख्खा हातबॉम्ब साधारण 36 सेंटीमीटर लांब आणि 600 ग्रॅमच्या आसपास वजनाचा. दांड्याच्या पोकळीतून पेटवायची दोरी जायची, तिच्या टोकाला चिनीमातीचा मणी, आणि खाली पत्र्याचं फिरकीचं झाकण. त्या आकारामुळे इंग्रज सैनिक त्याला बटाटे कुस्करायचा दट्ट्या म्हणायचे. 1943च्या नमुन्यात दांडा भरीव झाला, कारण पेटवायची यंत्रणाच वरच्या डब्यावर गेली. त्यामुळे भरीव दांडा कुणी ‘चोवीसचा’ म्हणून विकत असेल तर पुढचं बोलणंच नको.

आमचे अण्णा पुण्यात फर्निचरला पॉलिश करायचे. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातलेल्या बरण्या, चिंध्यांचे बोळे, हे सगळं बघत मी वाढलो. म्हणून लाकडी वस्तू हातात आली की माझं बोट आधी तिच्या कडेवर जातं.

60 युरोचा दांडा दिसायला मळकट. बीचचं लाकूड, त्यावरचे बारीक तपकिरी ठिपके मळातूनही दिसतात. लेथवर कातताना पडलेल्या आडव्या रेघा नखाला अजून लागतात. जिथे मूठ पडायची तिथे रंग काळपट, वर पत्र्याच्या कॉलरजवळ मधासारखा. कॉलरच्या कडेला गंज लाकडात मुरलाय, तो नुसता वरून लागलेला नाही. लाकडात ठोकलेल्या शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा धारदार आहेत. कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन कॉलरखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी टेकवलं, तर पातळ थर चिकट झाला आणि काडी पिवळसर झाली. घरी अतिनील दिव्याखाली धरला तेव्हा तो थर नारिंगी चमकला. लाख तशीच चमकते. मला भरून आलं, अण्णांच्या बरण्यांचा वास आठवला.

85चा दांडा चकचकीत. हातात घेतल्यावरच शंका यायला हवी होती, पण रंग इतका एकसारखा आणि सुरेख की मी भुललो. घरी उजेडात बघतो तर ओरखडे सगळे उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने पॉलिशपेपर फिरवलेला. कातकामाच्या रेघा गायब. शिक्का उथळ झालाय आणि अक्षरांच्या खोबणीत वॉर्निश साचून चमकतंय. स्पिरिटला तो थर दाद देत नाही. माझ्या मते हे पॉलियुरेथेन आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर दुकानात मिळायला लागलेलं वॉर्निश. पोकळीच्या तोंडाशी त्याचा एक ओघळ वाळलेला आहे. लाकूड जुनं, शिक्काही खरा, पण वरची कातडी सोलून नवी चढवली आहे. याचा मला खरंच राग येतो. आठ दशकं टिकलेला थर कुणीतरी एका दुपारी घासून टाकला, आणि तो परत आणता येत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘मला असाच मिळाला’ एवढंच उत्तर आलं, पैसे परत देण्याबद्दल अवाक्षर नाही. माणूस बोलायला चांगला, वस्तू नीट बांधून देतो, पण फिनिशबद्दलच्या त्याच्या शब्दावर मी पुन्हा विसंबणार नाही. त्याच्या टेबलावर पत्र्याचे डबे आणि पट्टे चांगले आहेत, ते बिनधास्त बघा. लाकडी काही घेणार असाल तर आधी शिक्क्याची खोबण आणि कॉलरची कड भिंगातून बघा. चकचकीत दिसलं तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर ठेवून द्या.

मळकट दांड्यावर मी मऊ ब्रश फिरवला, बस. जवसाचं तेल नाही, मेण नाही. रेडिएटरपासून लांब, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलाय.