‘तुमची फाईलच खराब आहे’ : लेबल छपाईतील फसवणूक

बेळगावातील एका छपाईवाल्याने छपाईच्या दराखेरीज माझ्याकडून ५,७०० रुपये उकळले, आणि त्यासाठी त्याला एकच वाक्य पुरले : "काका, तुमची फाईलच खराब आहे." फाईलमधले ज्याला काही कळत नाही, तो यावर काय बोलणार?

आमच्या वहिनी संकेश्वरी मिरचीचे तिखट घरी करून विकतात. बरणीवरचे १०० बाय ६० मिलिमीटरचे लेबल पुतण्याने तयार केले होते. सीमाभागात माल खपवायचा तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा तेवढ्याशा जागेत बसवाव्या लागतात, त्यामुळे अक्षरांवर त्याने विशेष मेहनत घेतली होती. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात, चित्र ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचे, कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावरही अक्षरे जशीच्या तशी उघडावीत म्हणून ती सगळी कर्व्ह केलेली, म्हणजे चित्रासारख्या आकृत्यांत बदललेली, अशी ती पीडीएफ होती. हे सारे त्याने मला एका कागदावर लिहूनही दिले होते. तो कागद मी दुकानात खिशातून बाहेरच काढला नाही.

पीडीएफ चालत नाही, ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल लागते, असे दुकानदाराने सांगितले. ती मागवून दिली, तर त्याच्याकडे तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटली. तीच मला दाखवून त्याने फाईल दुरुस्तीचे १,५०० रुपये लावले. पुढे चार रंगांच्या चार प्लेटांचे, म्हणजे एकेक रंग छापणाऱ्या पत्र्यांचे २,४०० आणि लेबलाचा आकार कापणाऱ्या साच्याचे, म्हणजे नव्या डायचे १,८०० घेतले. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना म्हणून मोबाइलवर एक फोटो आला. त्यात मजकूर आहे एवढे दिसत होते, वाचता येत नव्हता; पण "मशीन थांबवून ठेवले आहे, लवकर कळवा," असा लगोलग फोन आल्यावर मी ‘ओके’ लिहून मोकळा झालो.

दोन हजार लेबले घरी आली तेव्हा वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ‘मिरची’ची पहिली वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन पडली होती, कन्नड ‘संकेश्वर’मध्ये ‘श’च्या खाली लागणारा ‘व’ शेजारी सुटा उभा होता, आणि मिरचीचा लाल रंग विटेसारखा उतरला होता. तक्रार घेऊन गेलो, तर त्याने माझाच ‘ओके’ मला दाखवला.

खरा प्रकार निपाणीच्या एका जुन्या छपाईवाल्यांकडे गेल्यावर उघड झाला. त्यांनी एक लेबल दुमडून घडीवरून नख ओढले, तसा लाल रंगाचा पापुद्रा सुटून आला. हे डिजिटल मशीनचे काम आहे, त्याला प्लेट लागतच नाही, आणि आकारही पात्याच्या मशीनवर कापलेला दिसतो, त्याला डाय कशाला, असे ते म्हणाले. मी परत जाऊन माझ्या पैशांच्या प्लेटा आणि डाय मागितली. कामाला आठवडाही झाला नव्हता, तरी त्या भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. निपाणीत मात्र पुतण्याची तीच पीडीएफ, एका अक्षरालाही हात न लावता, आधी खऱ्या कागदावर छापून बरणीला चिकटवून दाखवली गेली.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. व्यवसायासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि वहिनींचे काम त्यातच मोडते. अडचण पावतीची आहे : प्लेट, डाय आणि दुरुस्ती यांचे आकडे त्याने एका चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहून दिले होते, आणि पक्के बिल मागितले तेव्हा त्यावर फक्त ‘लेबल छपाई’ एवढेच लिहून आले.